हत्तीचा नमस्कार : आपण हललो की पडद्यावरचं पात्र कसं हलतं?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी एक कार्यक्रम करायचा ठरला. मंडपातल्या पडद्यावर एक कार्टून हत्ती येणार, मुलांशी गप्पा मारणार, आणि पडद्यामागे लॅपटॉपसमोर उभा राहून त्याला हलवणार मी. हत्तीचं नाव गजाभाऊ. (गणपतीच करू या, असंही एकाने सुचवलं होतं. ऐन कार्यक्रमात बाप्पाचा हात कोपरातून उलटा फिरला तर काय, या विचाराने तो बेत तिथेच बारगळला.)

पहिली तालीम झकास चालली होती. मी मान डोलावली की गजाभाऊ मान डोलवत होता, मी हात वर केला की त्याचाही वर. शेवटी भाची म्हणाली, "मामा, आता नमस्कार कर." मी हात जोडले. गजाभाऊचे दोन्ही पंजे स्वतःच्या पोटात घुसले, एक कोपर पाठीतून बाहेर आलं आणि तिथेच थरथरत राहिलं. भाची पोट धरून हसत होती. मला मात्र पुढचे चार दिवस दुसरं काही सुचलं नाही.

नमस्कारासारखी साधी गोष्ट का बिघडावी? हे शोधताना या अख्ख्या तंत्राची नस हाती लागते, म्हणून त्याच वाटेने जाऊ.

शरीर हलवून पडद्यावरचं पात्र हलवण्याला मोशन कॅप्चर म्हणतात, परफॉर्मन्स कॅप्चर म्हणतात, डिजिटल पपेट्रीही म्हणतात. सिनेमातला प्रकार बहुतेकांनी ऐकलेला असतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या २००२ सालच्या दुसऱ्या भागातला गॉलम हा संगणकाने काढलेला प्राणी अँडी सर्किस या नटाच्या अभिनयावर उभा आहे. पण त्यात चित्रीकरणानंतर अॅनिमेटर मंडळी कितीतरी काळ त्या हालचाली घासूनपुसून घेत होती, चेहऱ्याचे भाव तर त्यांनी हातानेच घडवले. सिनेमावाल्यांकडे हा वेळ असतो. हात पोटात घुसला तर सोमवारी दुरुस्त करता येतो. आमच्या मंडपात समोर साठ मुलं बसलेली असताना सोमवार येणार कुठून? जे काही व्हायचं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच व्हायला हवं. हा लेख या दुसऱ्या, तातडीच्या प्रकाराबद्दल आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातली मंडळी पिढ्यानपिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करत आली आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीचा दोरा ओढला की तिचा हात उठतो. ओढणं आणि उठणं यांच्या मध्ये कोणी नाही. दोऱ्याला विचार करावा लागत नाही, तो उशीरही करत नाही. संगणकाचा दोरा मात्र अंदाजाने चालतो आणि उशिरा पोचतो. या दोनच खोड्या. बाकी सगळं तंत्र म्हणजे त्या खोड्यांवरचे तोडगे आहेत, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा दोरा बराचसा खराच होता. १९६०च्या दशकात अमेरिकेत ली हॅरिसन या गृहस्थांनी माणसाच्या अंगावर चढवायचा एक सांगाडा केला. त्याच्या सांध्यांपाशी पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असते तशी बटणं. कोपर वाकलं की बटण फिरणार, बटण फिरलं की विजेचा दाब बदलणार, आणि त्या दाबावरून पडद्यावरच्या आकृतीचं कोपर वाकणार. कॅमेरा नाही, ओळखणं नाही, अंदाज नाही. दोऱ्याच्या जागी वीज आली, एवढंच.

मग १९८८ साली एका परिषदेत 'माइक' नावाचं बोलकं डोकं दाखवलं गेलं. ते त्रिमितीय होतं आणि एक बाहुलीकार त्याला जागच्या जागी बोलतं करत होता. पुढच्याच वर्षी 'मपेट्स' या अमेरिकी बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत 'वाल्डो' हे संगणकी पात्र आलं. बाहुलीकाराने यंत्रात हात घालायचा, जबडा उघडल्यासारखी बोटं उघडायची, की पडद्यावरचा वाल्डो तोंड उघडणार. त्या काळच्या यंत्रांना चांगलं चित्र इतक्या झटपट काढणं झेपत नव्हतं. म्हणून शूटिंगच्या वेळी सगळ्यांना दिसायचा तो अगदी ओबडधोबड वाल्डो. हालचालींची नोंद तेवढी ठेवायची आणि देखणं चित्र नंतर सावकाश काढायचं. ही युक्ती मला फार आवडते. हालचाल आत्ता लागते, देखणेपणा थांबू शकतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं. आजचे हौशी लोक बरोबर उलटं करतात. पात्राच्या अंगावरच्या एकेका केसावर आठवडा घालवतात आणि मग लॅपटॉपला धाप लागते.

अंगावर काही न चढवता हालचाल टिपायची तर यंत्राला आधी माणूस दिसायला हवा. स्टुडिओत यासाठी अंगावर छोटे चकचकीत गोळे लावतात, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे मांडतात. दोन किंवा जास्त कॅमेऱ्यांना एकच गोळा दिसला की तो हवेत नेमका कुठे आहे ते भूमितीने काढता येतं. काम चोख, पण खर्च असा की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे लगेच पटतं.

दुसरा मार्ग म्हणजे हातापायांना पट्ट्यांनी बांधायचे छोटे सेन्सर. मोबाइल आडवा केल्यावर चित्रही आडवं होतं ते ज्या जातीच्या सेन्सरमुळे, तीच ही जात. यांना कॅमेरा लागत नाही, अंधारातही चालतात. पण ते फक्त 'किती वळलो' एवढंच मोजत जातात, 'कुठे आहे' हे त्यांना दिसत नाही. डोळे मिटून पावलं मोजत घरभर फिरा. पाच मिनिटांनी तुम्ही स्वतःला स्वयंपाकघरात समजत असाल आणि टेकला असाल बाल्कनीच्या दाराला. या सेन्सरांचंही तेच होतं, चुका साठत जातात. खाली कुठे हे गुरुत्वाकर्षणावरून कळतं आणि उत्तर कुठे हे होकायंत्रावरून, म्हणून थोडी डागडुजी होते. शेजारी लोखंडी कपाट असेल तर होकायंत्रही फितूर होतं.

घराघरात हे तंत्र पोचवलं ते मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टने, नोव्हेंबर २०१० मध्ये. टीव्हीखाली ठेवायची एक पट्टी, पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपली. कायनेक्ट खोलीभर न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांचा सडा टाकायचं आणि ठिपके किती सरकले यावरून प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते काढायचं. पण अंतर कळलं म्हणून माणूस कळत नाही. सोफा कुठला आणि मांडी कुठली? यासाठी त्यांनी केलेली क्लृप्ती मोठी मजेशीर आहे. आधी खऱ्या माणसांच्या हालचाली स्टुडिओत टिपल्या. मग त्या जाड, बारीक, उंच, बुटक्या अशा डिजिटल पुतळ्यांवर चढवल्या आणि त्या पुतळ्यांची असंख्य चित्रं संगणकाकडूनच काढून घेतली. पुतळा आपलाच असल्याने चित्रातला कुठला ठिपका (म्हणजे पिक्सेल) कोपराचा आणि कुठला गुडघ्याचा हे आधीच ठाऊक. ही चित्रं दाखवून यंत्राला शिकवलं. मग ते समोरच्या चित्रातल्या एकेका ठिपक्याला विचारायचं, "तू शरीराच्या ३१ भागांपैकी कुठला?" आणि त्यावरून २० सांधे काढायचं, सेकंदाला ३० वेळा.

कायनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. पण त्यातलं ठिपक्यांचं तंत्र ज्या कंपनीचं होतं ती अॅपलने २०१३ सालीच विकत घेतली होती, आणि २०१७च्या आयफोनमध्ये चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त ठिपके टाकणारा तसाच कारभार आला. टीव्हीखालची पट्टी फोनच्या कपाळावर जाऊन बसली.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. होता तो लॅपटॉपचा साधा वेबकॅम आणि फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर, जे कॅमेऱ्याच्या चित्रात शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. नाक, डोळे, खांदे, कोपरं, मनगटं, अगदी टाचांपर्यंत. अशी सॉफ्टवेअर खुणा करून ठेवलेले ढीगभर फोटो पाहून तयार झालेली असतात, आणि कोपर झाकलेलं असलं तरी 'अशा वेळी कोपर सहसा इथे असतं' म्हणून ठोकून देतात. इथे दोऱ्याची पहिली खोड आली. तो पाहत कमी असतो, अंदाज जास्त करतो. माझ्या सैल झब्ब्याची बाही त्याला दंड वाटायची. झब्बा काढून घट्ट टीशर्ट घातला, मागची भिंत मोकळी केली, समोर दिवा लावला, तेव्हा कुठे कोपरं जागेवर आली.

आता नमस्काराकडे पाहा. एकच कॅमेरा असला की काय पुढे आहे आणि काय मागे, हे त्याला दिसत नाही. तुम्ही हात समोर, कॅमेऱ्याच्या दिशेने आणलात की चित्रात हात फक्त आखूड होतो. आखूड झालेला हात पुढे वळलेला असू शकतो, तसाच मागेही. दोन्हींचं सपाट चित्र जवळजवळ सारखंच. त्यात नमस्कारात एक तळवा दुसऱ्याला झाकतो, मनगटं एकमेकांना चिकटतात, आणि यंत्राला कुठलं मनगट कोणाचं हे कळेनासं होतं. म्हणजे ज्या मुद्रेत माणूस सगळ्यात स्थिर असतो, त्याच मुद्रेत यंत्र सगळ्यात गोंधळलेलं असतं. गजाभाऊचं कोपर पाठीतून बाहेर आलं ते यामुळे. यंत्राने 'पुढे'च्या ऐवजी 'मागे' निवडलं. फुगडी तर मी करूनच पाहिली नाही. दोन माणसं, चार हात, तेही एकमेकांत अडकलेले आणि वर गरगरणारे.

थरथर मात्र वेगळ्या कारणाची. यंत्र दर चित्रात नव्याने अंदाज करतं. मी दगडासारखा उभा असलो तरी मनगट एका चित्रात दोन ठिपके डावीकडे, पुढच्यात तीन उजवीकडे. डोळ्याला हे फार खुपतं. उपाय सोपा वाटतो, गेल्या पाच चित्रांची सरासरी घ्या. थरथर थांबते खरी. पण कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर एक चित्र ३३ मिलिसेकंदांचं, आणि पाचांची सरासरी म्हणजे पात्र सुमारे दोन चित्रं मागे, ६६ मिलिसेकंद. आधीच कॅमेऱ्याला चित्र घ्यायला वेळ, बिंदू शोधायला वेळ, हत्ती काढायला वेळ, प्रोजेक्टरला दाखवायला वेळ. सगळं धरून दीडशे मिलिसेकंदांच्या घरात जायला फार कष्ट पडत नाहीत. संध्याकाळी उजेड कमी झाला की वेबकॅम आपणहून चित्रं कमी घेतो, ते आणखी वेगळंच.

दीडशे मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सादेखील नाही. तरी तो अंगाला जाणवतो. मी टाळी वाजवायचो, आवाज आत्ता यायचा आणि गजाभाऊचे पंजे मग एकमेकांकडे जायचे, जणू लग्नात सगळ्यांनी अक्षता टाकल्यावर एखादे काका भानावर येतात तसे. दूरचित्रवाणीसाठी या बाबतीतला आंतरराष्ट्रीय संकेत असा की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी लोकांच्या लक्षात येतं, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत चालून जातं. कारणही समजण्यासारखं आहे. लांबचा धोबी कपडे आपटताना दिसतो आधी आणि ऐकू येतो नंतर, त्याची आपल्याला सवय असते. आधी आवाज आणि मग आपटणं, हे जगात कधी घडत नाही. म्हणून आम्ही काय केलं, तर माझ्या माइकचा आवाजही मुद्दाम तेवढाच वेळ रोखून धरला. हत्ती आणि आवाज दोघेही सारखेच उशिरा, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने कोणीच उशिरा नाही.

थरथर हवी की उशीर, या पेचावर एक सुंदर तोडगा २०१२ साली फ्रान्स आणि कॅनडातल्या तीन संशोधकांनी मांडला. त्याचं नावच 'वन युरो फिल्टर', म्हणजे इतका स्वस्त. कल्पना अशी की हात स्थिर असतो तेव्हा थरथर दिसते, पण उशीर दिसत नाही. हात जोरात फिरतो तेव्हा उशीर दिसतो, थरथर मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. मग हात संथ असताना भरपूर गुळगुळीत करा, वेग वाढला की गुळगुळीतपणा सोडून द्या. प्रोग्राम जेमतेम काही ओळींचा. तो बसवल्यावर गजाभाऊ एकदम अंगात आल्यासारखा शहाणा झाला.

वेळेचं हे महत्त्व निव्वळ तांत्रिक नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवायचा, समोर रबराचा हात मांडायचा आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने माणसाला रबराचाच हात आपला वाटू लागतो. पण दोन ब्रश मागेपुढे फिरवले, तर ती भावना विरून जाते. हात कसा दिसतो याला थोडी सूट आहे, वेळ चुकली तर नाही. मला स्वतःला हे गजाभाऊत अनुभवायला मिळालं. उशीर कमी झाला त्या दिवशी मी पडद्यापलीकडच्या एका मुलाला टाळी द्यायला नकळत हात पुढे केला, आणि माझा हात हत्तीइतका जाड नाही याचं क्षणभर नवल वाटलं.

आता पोटात घुसलेले पंजे. इथे कॅमेऱ्याचा दोष नाही, दोष बांध्याचा आहे.

माझ्या खांद्यांमधलं अंतर ३८ सेंटीमीटर, खांद्यापासून तळव्यापर्यंत हात साधारण ६०. गजाभाऊ माझ्याच उंचीचा धरला तर त्याच्या खांद्यांमध्ये ८० सेंटीमीटर आणि हात ३०, कारण आमच्या चित्रकाराला गुटगुटीत हत्ती गोड वाटतात. नमस्कारासाठी दोन्ही तळव्यांनी छातीच्या मध्यावर यायचं. मध्य खांद्यापासून ४० सेंटीमीटरवर, हात ३० चा. वर मध्ये पोट. गणित तिथेच संपलं.

माझ्या हालचाली दुसऱ्या बांध्यावर चढवण्याला या धंद्यात रीटार्गेटिंग म्हणतात. शिंप्याकडे काकांचा कोट पुतण्यासाठी बारीक करून घेण्यासारखंच हे काम आहे, फक्त कोट सेकंदाला तीस वेळा बदलतो. याच्या दोन रीती आहेत. पहिली, सांध्यांचे कोन उचलायचे. माझं कोपर ९० अंशात वाकलं तर त्याचंही ९० अंशात. यात ऐट टिकते, चालण्याची ढब टिकते, पण तळवा शेवटी कुठे जाऊन पडतो याची कोणालाच फिकीर नसते. माझ्या नमस्काराचे कोन जसेच्या तसे दिले की गजाभाऊचे पंजे सरळ पोटात.

दुसरी रीत उलट बाजूने येते. तळवा कुठे पोचायला हवा ते आधी ठरवायचं आणि त्यासाठी खांदा, कोपर किती वळवायचं ते मागाहून काढायचं. याला इन्व्हर्स किनेमॅटिक्स म्हणतात. आपण अंधारात दिव्याचं बटण दाबतो तेव्हा असंच करतो. 'खांदा ४० अंश' असं कोणी मनाशी म्हणत नाही, बोट बटणापर्यंत जातं आणि बाकीचा हात मागोमाग येतो. पण बटणच हाताच्या टप्प्यात नसेल तर? गजाभाऊचे हात लाटण्यासारखे ताठ व्हायचे आणि न मिळणाऱ्या मध्याकडे बघत थडथडायचे. पोटात घुसण्यापेक्षा ते केविलवाणं दिसायचं.

खरी अडचण अशी की नमस्कार म्हणजे कोन नव्हेत आणि जागाही नव्हे. नमस्कार म्हणजे तळव्याला तळवा लागणं. स्पर्श. चालण्यातही तेच, पाऊल जमिनीला टेकलं की ते तिथे राहिलं पाहिजे. मोठा पाय आणि छोटा पाय यांच्या हिशेबात ते किंचित जरी सरकलं तर पात्र ओल्या फरशीवर चालल्यासारखं दिसतं. त्यासाठी प्रोग्राम पाऊल जमिनीलगत आहे का आणि त्याचा वेग जवळजवळ शून्य झाला का हे पाहतो, आणि तसं असेल तर पायाला तिथेच खिळा मारतो. उचललं की खिळा काढतो. कुठला स्पर्श महत्त्वाचा हे मात्र यंत्राला कळत नाही, ते माणसानेच सांगावं लागतं.

आम्ही शेवटी हातांचा नादच सोडला. भाचीच म्हणाली, "पण हत्ती सोंडेने नमस्कार करतो ना?" पन्नाशीच्या माणसाला हे सुचलं नव्हतं. मग असं ठरवलं की माझी दोन मनगटं एकमेकांजवळ आली की गजाभाऊने सोंड कपाळाला लावायची. हात आपले बाजूला राहतील.

तरी सुटका नाही. मुलांबरोबर मी टाळ्या वाजवू लागलो की दर टाळीला नमस्कार. मनगटं अर्धा सेकंद जवळ राहिली तरच नमस्कार धरायचा, असं केलं. टाळ्यांचा प्रश्न मिटला, पण आता प्रत्येक नमस्कार अर्धा सेकंद उशिरा, म्हणजे पुन्हा तीच दुसरी खोड. शेवटी मधला मार्ग काढला. मनगटं जवळ आली की सोंडेने लगेच उठायला लागायचं, पण हळू. हात जोडलेलेच राहिले तर कपाळापर्यंत जायचं, सुटले तर खाली यायचं. शिवाय जोडण्याचं अंतर आणि सोडण्याचं अंतर वेगवेगळं ठेवलं, नाहीतर सीमेवर रेंगाळणाऱ्या हातांनी सोंडेला झटके बसत होते. परिणाम असा झाला की मी टाळ्या वाजवल्या की सोंड तालावर हलकेच उठायची-बसायची. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, पण कार्यक्रमात लोकांनी नेमकं याचंच कौतुक केलं आणि मी ते गुपचूप घेतलं.

चेहऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर तो वेगळा लेख होईल. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची एक यादी केली, कुठला स्नायू ओढला की काय होतं अशी. आजच्या फोनमधलं चेहरा टिपणं त्याच वळणाचं आहे. आयफोन ५२ आकडे देतो. डावी भुवई किती वर, जबडा किती उघडा, गाल किती फुगले, प्रत्येक ० ते १ मध्ये. पात्राच्या चेहऱ्याचे तसे ५२ नमुने आधी करून ठेवायचे आणि आकड्यांप्रमाणे एकमेकांत मिसळायचे. यात मराठी बोलणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. प, ब, भ, म या अक्षरांना पात्राचे ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत. 'मामा', 'बाप्पा' म्हणताना ओठ उघडे राहिले तर लहान मूलसुद्धा पकडतं. उलट क, ग, ट, ळ तोंडाच्या आत होतात, तिथे काहीही केलं तरी खपतं. (फ म्हणताना ओठ मिटायचे की दात टेकवायचे, हा तंट्याचा विषय आहे. गजाभाऊ 'फुगा' दोन्ही पद्धतीने म्हणायचा.)

एक गोष्ट मला या खटाटोपात उशिरा कळली. जास्त दोरे म्हणजे जास्त जिवंतपणा, हे खरं नाही. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आठवा. हलणाऱ्या गोष्टी मोजक्याच, पण नजर नेमक्या क्षणी वळते आणि समोरच्याची बोलती बंद होते. मे २०१६ मध्ये 'द सिम्प्सन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या होमरने चालू कार्यक्रमात प्रेक्षकांच्या फोनना उत्तरं दिली, तेव्हा त्याचे ओठ आवाजावरून हलत होते आणि हातवारे, हावभाव हे कळफलकावरची बटणं दाबून दिले जात होते. अंगाला एकही सेन्सर नाही. जपानमध्ये २०१६ अखेर आलेल्या किझुना आय या आभासी यूट्यूबरनंतर अशा पात्रांची लाटच आली. त्यांतली कितीतरी पात्रं सपाट चित्रंच असतात, मान डावीकडे उजवीकडे, डोळे, तोंड, झालं. आत बसलेल्या कलाकाराला जपानी चाहते 'आतला माणूस' म्हणतात आणि तो कोण हे विचारायचं नाही, असा शिष्टाचार आहे. आपल्याकडे सोंग काढणाऱ्याला मेकअप उतरवल्यावरही लोक पात्राच्याच नावाने हाक मारतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि सराव. मपेट्सचे बाहुलीकार काम करताना समोर मॉनिटर ठेवतात, आणि त्यातलं चित्र आरशासारखं उलटं नसतं. प्रेक्षकाला दिसेल तेच त्यांना दिसतं. आम्ही आधी सोपं जावं म्हणून आरसा ठेवला होता. मग गजाभाऊने उजवीकडच्या मुलीचं नाव घेऊन डावीकडच्या मुलाकडे बोट दाखवलं, तेव्हा आरसा काढला. पहिले दोन दिवस स्वतःच्याच हातांशी भांडण होतं. तिसऱ्या दिवशी हात मुकाट ऐकू लागतात.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं जमून आलं. सोंड कपाळाला लागली, साठ मुलांनी उलट नमस्कार केला. मग मधेच आमचे अध्यक्ष पडद्यामागे आले. आमचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच माणूस धरतं, आणि त्याला अध्यक्ष जास्त मोठे, जास्त ठळक दिसले असावेत. गजाभाऊने माझा हात सोडला आणि त्यांचं अंग धरलं. ते वाकून खुर्चीखाली पडलेली चप्पल शोधत होते. पडद्यावर हत्ती मुलांकडे पाठ करून वाकला, एक पाय पुढे-मागे केला, डोकं खाजवलं आणि कमरेवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

मुलांनी 'वन्स मोर' दिला. अध्यक्षांना अजून कोणी सांगितलेलं नाही.